निळ्या शिडाचं गलबत

चंदू टीव्हीवर दिसणार म्हणून रविवारी संध्याकाळी अख्खी चाळ काशीरामच्या खोलीत लोटली. अंधेरीत, एमआयडीसीच्या कारखान्यांना पाठ लावून उभ्या असलेल्या त्या चाळीत रंगीत टीव्ही एकट्या काशीरामकडे होता. त्याच्या बायकोने, शेवंतीने, खिडकीला चादर बांधून उजेड अडवला होता. माणसं खाटेवर, खाटेखाली, मोरीच्या कट्ट्यावर बसली होती. जी मावली नाहीत ती गॅलरीतून माना घालून उभी होती. रत्नप्रभाला मात्र शेवंतीने सगळ्यांच्या पुढे पाट मांडून बसवलं.

"वैनी, झील तुझो, मान तुझो," काशीराम म्हणाला.

काशीराम तिचा धाकटा दीर. मिसरूड फुटायच्या आधी देवगडहून आला तो तिच्याच हातचं जेवून मोठा झाला, नि पुढे भावाबरोबर, गुणाजीबरोबर, गिरणीत लागला. दोघा भावांनी मिळून 'रवळनाथ क्रीडा मंडळ' काढलं ते कबड्डीच्या वेडापायी. गुणाजीला जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. मंडळ काशीराम चालवत होता, नि कप्तान होता गुणाजी-रत्नप्रभाचा मुलगा चंद्रप्रकाश, म्हणजेच चंदू.

रत्नप्रभाने चंदूचा एकही सामना आजवर पाहिला नव्हता. मैदानात बायका कुठे जातात, असं ती पूर्वी म्हणायची. पुढे पुढे तिला कोणी विचारायचंही सोडून दिलं.

पडदा उजळला आणि खोलीत एकदम गलका झाला. शुक्रवारी झालेला उपांत्य सामना दाखवत होते. लाल माती, पांढऱ्या रेषा, आणि त्यात तिचा चंदू. बोटाएवढा, पण चालण्याची ढब ओळखू येणारी. खांदा जरा उजवीकडे टाकून तो चढाईला निघाला. ही चाल त्याने कोणाकडून घेतली ते सांगायला नको होतं.

तेवढ्यात चाळीवरून विमान गेलं. विमान गेलं की काशीरामच्या टीव्हीवरचं चित्र नेहमीच पाण्यासारखं डहुळायचं. तसं ते डहुळलं. मैदान लहरलं, माणसं लहरली, आणि मैदानाच्या कडेला लावलेल्या फळ्यांवर काहीतरी निळं, तरंगत, डुलत पुढे सरकू लागलं. रत्नप्रभा पुढे झुकली. कॅमेरा चंदूच्या मागे वळला तसं ते निळंही चालू लागलं. एक गेलं, मागून दुसरं आलं, त्यामागून तिसरं.

गलबतं होती ती. निळ्या शिडाची.

तिला खोलीतला आवाज ऐकू येईनासा झाला. संपाच्या दिवसांत गुणाजी रोज संध्याकाळी हे गलबत घरी आणायचा. बाटलीवर चिकटलेलं. दिव्यापुढे बाटली तिरकी धरायचा नि म्हणायचा, "बघलंस? आता ह्या देवगडाक लागतला." आत पाणी हलायचं नि भिंतीवर पिवळा उजेड हलायचा. चंदू तेव्हा कॉलेजात होता, तरी बापाच्या मांडीला टेकून बसायचा. गुणाजी त्याला बंदरं सांगत जायचा. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. प्रत्येक बंदराला एक घोट. देवगड यायच्या आत बाटली रिकामी व्हायची, नि गुणाजी आडवा.

आता तीच गलबतं तिच्या लेकाच्या अवतीभवती फिरत होती. वारा कुठून येत होता कोण जाणे, शिडं टम्म फुगलेली. ती एवढी सुंदर दिसत होती की रत्नप्रभाला क्षणभर वाटलं, खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलंय, आता पाटाखालून लाट जाईल.

"बंद करा तो टीव्ही!"

अनुपमा उठून उभी राहिली होती. चंदूची धाकटी बहीण, जोगेश्वरीला एका ऑफिसात टायपिस्ट. एरवी मोठ्याने बोलायची नाही. लोकांनी "ए बस ना, बस ना" म्हणून ओरडा केला. ती बसली नाही. वाट काढत बाहेर गेली. पडद्यावर चंदूने तिघांना बाद केलं आणि खोली टाळ्यांनी दणाणली.

*

लोक पांगले. खिडकीची चादर शेवंतीने सोडली. बाहेर अजून उन्हं रेंगाळत होती. घरातली माणसं उरली, आणि एक पाहुणा. हा दत्ताराम साटम. एके काळी मंडळाचाच पकड करणारा गडी, आता 'ब्लू सेल' म्हणजे त्या निळ्या शिडाच्याच कंपनीत साहेब झालेला. त्यानेच ही स्पर्धा कंपनीकडून भरवली होती. काशीरामने खाटेखालून एक खोका ओढला आणि रत्नप्रभापुढे उघडला. आत कोरी पांढरी बनियानं, घडीवर घडी. प्रत्येकाच्या छातीवर निळं गलबत.

"पुढच्या रविवारी फायनल," काशीराम म्हणाला. "घाटकोपराक. ती पण टीव्हीवर. सगळो संघ ह्या घालून उतरतलो." पण बोलताना तो वहिनीकडे नाही, बनियानांकडेच बघत होता.

"आईला ठाऊक नसताना ठरवलंत तुम्ही सगळं," दारात उभी राहून अनुपमा म्हणाली. "तिला वाचता येत नाही ना. म्हटलं, तिला काय कळणार!"

"अगं, सोड्याची जाहिरात आहे ती," दत्ताराम समजुतीने म्हणाला. "लिहिलंय ना खाली, सोडा. टीव्हीवर दारूची जाहिरात चालतच नाही मुळी."

"आणि गलबत कोणाचं?"

दत्ताराम हसला. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते न देण्यासाठीच त्याला पगार मिळत असावा.

"काकी, तुम्हीच विचार करा," तो रत्नप्रभाकडे वळला. "फायनल झाली की चंदूला आमच्याकडे नोकरी. कायमची. साहेबांशी बोलून ठेवलंय मी. मुंबईभर त्याचा फोटो लागेल. आज तो वर्कशॉपात रोजावर घासतोय, त्याच्यासारख्या खेळाडूला शोभतं का ते?"

"खरां आसा ता," शेवंती लगेच म्हणाली. तिला मूलबाळ नव्हतं. चंदूवर तिचा जीव. "पोराचा बरा होता तर आडवा जाव नये, वैनी. गेलेल्या माणसाक किती दिवस धरून बसायचा?"

चंदू भिंतीला टेकून खाली बघत होता. "मी पीत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना माहितीय. पिणारही नाही कधी. छातीवर चित्र असलं म्हणून काय दारू अंगात जाते?"

"तुझ्या नाही जाणार," अनुपमा म्हणाली. "मघाशी इथे किती पोरंटोरं तोंड उघडून बघत होती, दिसलं तुला? तू तिघांना मारलंस, नि तुझ्या मागे ते जहाज. उद्या त्यांना तू नि ते वेगवेगळे दिसणार आहेत का?"

"तू मला शिकवू नकोस, अनू."

"मी शिकवणार नाही तर कोण? रात्ररात्र बाबांना गटाराच्या कडेवरून कोण उचलून आणायचं? तू सरावाला असायचास, मॅचला असायचास. आणि गेले तेव्हाही तू नि काका सांगलीला. मॅच खेळत!"

हे वाक्य या घरात दोन वर्षं कोणी उच्चारलं नव्हतं. काशीरामने खोका उगाच जरा सरकवला. शेवंतीने पदर तोंडाला लावला. पण मग तीच, कोणालाही वाटलं नव्हतं अशी, दत्तारामकडे वळली.

"दत्ताराम, एक सांग. तू पितस?"

"छे, काकी! आमच्या घरात थेंब येत नाही. माळकरी माणसं आम्ही."

"मगे आमच्या घरात कित्याक घेवन इलंस?"

दत्तारामने घड्याळाकडे पाहिलं. "मी उद्या ऑफिसात आहे," तो चपला शोधत म्हणाला. "काय ते उद्यापर्यंत कळवा. पण एक सांगतो, काशीकाका, चाळीस वर्षांत आपलं मंडळ कधी टीव्हीवर आलं नव्हतं."

तो गेला. कोणी त्याला थांब म्हणालं नाही.

चंदूने खोक्यातलं एक बनियान उचललं. उलगडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं. "तुम्हाला सगळ्यांना हे बघितलं की दारू दिसते," तो सावकाश म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "मला नाही दिसत. मला बाबा दिसतात. मला दाभोळ, जयगड, विजयदुर्ग दिसतं. गिरणी बंद पडल्यावर ते माझ्याशी दुसरं काय बोलले? तेवढंच बोलले. बाकी काहीच नाहीये माझ्याकडे त्यांचं. मैदानात शुक्रवारी ती जहाजं बघितली ना, मला वाटलं, बाबा आलेत. सगळ्या बाजूंनी आलेत. म्हणून खेळलो मी तसा."

अनुपमाने त्याच्याकडे पाहिलं. ती दारातून आत आली नि खाली बसली.

रत्नप्रभाने हात पुढे केला आणि चंदूच्या मांडीवरचं बनियान आपल्या मांडीवर घेतलं. गलबतावरून बोट फिरवलं. गुळगुळीत होतं. ती बोलायला लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, ती स्वतःशीच बोलतेय.

"इस्पितळात त्याका ह्याच दिसायचा," ती म्हणाली. "भिंतीवर काय्येक नव्हता. कोरी भिंत. पण तो बघत ऱ्हवायचो. पहिल्यांदा खूश होतो. माका म्हणालो, रत्ना, भरती इली, चल. माझ्या चपला घेतलंस मां? मी म्हटलंय, घेतलंय. मगे बंदरां सांगूक लागलो. दाभोळ झाला, जयगड झाला. तुका सांगायचो तशीच."

चंदू मान वर करून बघत होता.

"मगे तो गप झालो. आणि भियालो, रे. माझो हात असो धरल्यान की हाडां वाजली. म्हणालो, रत्ना, देवगड मागे पडला. ह्या थांबना नाय. खंयच थांबना नाय. माका उतरव." तिने श्वास घेतला. "माका उतरव, माका उतरव, ह्याच म्हणत होतो. पाण्यात पाय घालूचे तसे खाटेवरून पाय सोडी. मी परत वर घेय. मी दुसरा काय करतलंय? माका गलबत दिसत नव्हता, मी खंयसून उतरवू?"

चाळीवरून पुन्हा एक विमान गेलं. तावदानं थरथरली नि शांत झाली.

काशीराम खाली बसला होता. साठीला आलेला तो माणूस आता वहिनीकडे अगदी पोरासारखा बघत होता. "मगे, वैनी?" तो म्हणाला. "उतरलो तो?"

"फटफटीत झाला तेव्हा हात सैल केल्यान," रत्नप्रभा म्हणाली. "माझ्याकडे बघून म्हणालो, इलो गे किनारो. मी म्हटलंय, होय, इलो. सावकाश उतर."

 शेवंती पदराआड रडत होती. रत्नप्रभाने बनियानाची घडी पुन्हा नीट केली आणि चंदूच्या हातात दिली.

"तुझ्याकडे बापसाची अर्धीच गोष्ट होती," ती म्हणाली. "उरलेली माझ्याकडे होती. तुका सोसूची नाय म्हणान सांगूक नाय. आता दोन्ही तुझ्याकडे आसत. घालूचा तर घाल. मी नको म्हणूची नाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदू खोका खांद्यावर घेऊन जिना उतरला. वर्कशॉपात जायच्या आधी दत्तारामचं ऑफिस गाठायचं होतं. खाली नळाशी काशीराम तोंड धूत होता. त्याने पुतण्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. मंडळासाठी त्याने अख्खी हयात घातली होती. मैदानं सारवली होती, पोरांची बनियानं स्वतःच्या हाताने धुतली होती. वरून, गॅलरीतून, रत्नप्रभा बघत होती. तिला वाटलं, आता हा भडकेल, चाळ गोळा होईल.

काशीरामने टॉवेलने तोंड पुसलं. "एकट्यान जाव नको," तो म्हणाला. "सेक्रेटरी मी आसंय. ना म्हणूचा तर माझ्या तोंडान म्हणूचा." आणि खोक्याची दुसरी बाजू त्याने धरली.

परत आले तेव्हा दोघांचे हात रिकामे होते. नोकरीचं विचारायचं कारणच नव्हतं. दत्तारामने एवढंच म्हणे सांगितलं की, खेळायला कोणी अडवणार नाही, पण कॅमेरा कुठे बघतो ते कंपनीच्या हातात नसतं. संघातली दोन पोरं रुसली, एकाने मंडळ सोडायची धमकी दिली. काशीरामने त्याला सांगितलं, सोड. तरी तो पोरगा संध्याकाळी सरावाला आला.

पुढच्या रविवारी रत्नप्रभा घाटकोपरला गेली. जायचं असं काही ठरलं नव्हतं. दुपारी ती नवं लुगडं नेसून उंबऱ्याशी उभी राहिली, आणि अनुपमा काही न बोलता चपला घालून तिच्याबरोबर निघाली. शेवंतीने डब्यात घावणे बांधून घेतले.

मैदान टीव्हीतल्यापेक्षा लहान होतं. रत्नप्रभाला त्याचंच नवल वाटत राहिलं. गलबतंही होती, पण ती हलत नव्हती. प्लायवूडच्या फळ्या नुसत्या, बांबूला काथ्याने बांधलेल्या. बायकांना बसायची जागा अशी होती की एका फळीची मागची बाजू दिसे. तिथे ना शीड होतं ना समुद्र. कोरं लाकूड, दोन खिळे, आणि कोणीतरी पुसलेला रंगाचा हात. ती बराच वेळ त्याकडेच बघत होती. मग पोरं मैदानात आली नि तिने तिकडचं लक्ष काढून घेतलं.

समोरचा संघ कोऱ्या पांढऱ्या बनियानांत उतरला. निळी गलबतं छातीवर. रवळनाथची पोरं जुन्या भगव्या बनियानांत होती. धुऊन धुऊन भगवा कसला, पिवळा पडलेला. मचाणावरचा कॅमेरा सारखा पांढऱ्या बाजूला वळत होता. बायकांत कोणीतरी कुजबुजलं, हे कसले भिकाऱ्यासारखे आलेत. शेवंती त्या बाईला काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रवळनाथ हरलं.

चंदू चांगला खेळला. शेवटपर्यंत एक-दोन गुणांचंच अंतर होतं. अखेरच्या चढाईला तो गेला तेव्हा रत्नप्रभा उठून उभी राहिली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. त्याचा आवाज गर्दीतून तिच्यापर्यंत येत होता, सुपारीच्या बागेतून वारा वाहावा तसा, अखंड, एका लयीत. त्याने एकाला शिवलं, वळला, आणि रेषेपासून हातभर अंतरावर चौघांनी त्याला मातीत दाबला. त्याची बोटं मातीत पुढे पुढे सरकत राहिली. "चंदू! आणखी! आणखी!" असं कोणीतरी घसा फाडून ओरडत होतं. अनुपमाने दंडाला धरून खाली बसवलं तेव्हा रत्नप्रभाला कळलं की ते आपणच. पंचांची शिट्टी वाजली. बोटं रेषेला लागली नव्हती.

पांढऱ्या बनियानांना चषक मिळाला. त्यांचे फोटो निघाले. दत्ताराम व्यासपीठावरून हात जोडत होता. चंदू समोरून गेला तेव्हा त्याने जोडलेले हात तसेच ठेवले नि नजर दुसरीकडे नेली. 

घरी जाताना अंधेरीची बस मिळाली ती बरीचशी रिकामी. काशीराम नि शेवंती पुढच्या बाकावर बसले आणि बस सुटायच्या आत दोघांनाही डुलकी लागली. मागच्या बाकावर खिडकीशी रत्नप्रभा, नि तिच्या पुढ्यातल्या बाकावर चंदू नि अनुपमा. किती वर्षांनी ती दोघं अशी शेजारी बसली होती. चंदूचा गुडघा सोलवटला होता. अनुपमाने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, रुमाल भिजवला, आणि न विचारता त्यावर ठेवला.

"आई गं."

"गप बस. मॅचमध्ये ओरडला नाहीस ते."

साकीनाक्याच्या चढावर बस कण्हत चालली होती. बाहेर कारखान्यांच्या चिमण्या नि त्यांच्यावर उतरतं ऊन. रत्नप्रभाने डोळे मिटले. मातीचा, घामाचा, घावण्यांचा वास येत होता. सगळं जरासं हलत होतं, पण ते बसचंच हलणं होतं.

"अनू," चंदू म्हणाला. "सांगलीला आम्ही जिंकलो होतो."

अनुपमा रुमाल पिळत होती. तिचा हात थांबला.

"तुला कधी सांगितलंच नाही. कोणालाच नाही सांगितलं. जिंकलो, आणि मैदानातून बाहेर आलो तर काका तार घेऊन उभा. मग ते बोलायचं राहूनच गेलं. कप पण तिथेच राहिला."

बस थांबली. कोणी चढलं, कोणी उतरलं, कंडक्टरने दोरी ओढली. मिटल्या डोळ्यांआड रत्नप्रभा वाट बघत होती, पोर आता काय बोलते त्याची.

"कसे जिंकलात?" अनुपमाने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कसे जिंकलात ते सांग. पहिल्यापासून सांग. मी होते कुठे तिथे?"

 चंदूने पाय जरा लांब केले नि खिडकीबाहेर बघत सुरुवात केली. "पाऊस पडून गेला होता. माती ओली होती. टॉस त्यांनी जिंकला…"

रत्नप्रभाने डोळे उघडले नाहीत. ती ऐकत राहिली.